जुन्या भांड्यांना जकात नाही

शिरूर
९ फेब्रुवारी १९७७

साहेबराव यांस,

जयभीम. त्याआधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे. ती पाळायचं कारण पंचांपुढे आपली फारकत झाली त्या दिवशीच संपलं, म्हणून नुसता जयभीम.

तुमचं पाकीट शाळेच्या पत्त्यावर आलं. त्रिनिदादचं तिकीट बघून आमच्या हेडमास्तरांना एवढा हर्ष झाला की माझ्या हाती पडायच्या आधी ते सगळ्या शिक्षकांच्या हातून फिरून आलं. फारकतीनंतर तुम्ही मला एक कार्ड टाकलं नव्हतं आणि आता एकदम चार पानं, म्हणून मी जरा घाबरतच उघडलं. वाटलं, राहूला तुमच्या घरी कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. आत बघते तर 'तुझी प्रकृती ठीक असेलच' हे एक वाक्य आणि त्याखाली त्रिनिदादच्या कस्टमचे नियम. तिथं उतरणाऱ्या माणसानं काय आणावं, काय आणू नये, कशावर जकात पडते, कशाला माफी आहे. अक्षर मात्र अजून सुरेख आहे. साखर कारखान्यात केमिस्ट झालात, परदेशी गेलात, तरी वळण तेवढं टिकून राहिलंय.

सगळं वाचलं मी. मांसमच्छी आणायची नाही. मातीचा कण चालत नाही, चपलेला चिखल असेल तर धुऊन यायचं. रोप नको, बी नको, आणि उसाचं कांडं तर मुळीच नको, कारण आपला रोग त्यांच्या उसाला लागेल. लोणच्याची बरणी उघडून दाखवायची. साडी नेसून मऊ पडलेली असली तर माफ, घडी न मोडलेली असली तर जकात. घरातली भांडीकुंडी वर्षाहून जास्त वापरलेली असली तर माफ, कोरी असली तर जकात.

खोटं कशाला बोलू, दुसरं पान संपेपर्यंत मला वाटत होतं की हा माणूस आपल्याला बोलावतोय. नाहीतर चपला धुऊन ये असं मला कशाला सांगेल? मी मनातल्या मनात त्या धुवायलाही घेतल्या होत्या. पुढे माझा मलाच इतका राग आला की त्या दिवशी चौथीच्या वर्गाला काही चूक नसताना बोलणी खावी लागली.

तिसऱ्या पानावर दौंडची ललिता आली. मे महिन्यात तिच्याशी तुमचं लग्न, मग तुम्ही पुढे जाणार, ती मागून विमानानं, आणि तिचा संसार पेटीत घालून बोटीनं. तिच्या वडिलांनी दिलेली भांडी कोरी, म्हणजे त्यांवर जकात. माझी भांडी राहूला तुमच्या घरात पडून आहेत आणि त्यांवर १९६८ साल घातलेलं आहे, म्हणजे ती जुनी असल्याचा पुरावा भांड्यावरच आहे. तेव्हा माझी भांडी ललिताबरोबर त्रिनिदादला पाठवायची आणि ललिताची कोरी भांडी मला द्यायची. 'यात तुझाच फायदा आहे' असं लिहून तुम्ही खाली रेघसुद्धा मारलीय.

काय तुमची अक्कल. राहूच्या त्याच घरात, उंबऱ्यात उभं राहून तुम्ही मला सांगितलं होतं की तू तिकडं शोभणार नाहीस. आता माझी परात तिकडं शोभेल, माझी घागर शोभेल, माझा तांब्या साहेबाच्या टेबलावर शोभेल. मी तेवढी शोभणार नव्हते.

ती भांडी कुठून आली हे तुम्हाला माहीत आहे. तरी सांगते, कारण विसरणं तुम्हाला सोयीचं असतं. माझे आप्पा दौंड जंक्शनला सांधेवाले होते. गाडी आली की तिच्यासाठी रूळ बदलून द्यायचे, उन्हात, पावसात, कंदील घेऊन, हेच त्यांनी जन्मभर केलं. माझ्या लग्नात त्यांनी फंडातून रक्कम उचलून तांब्यापितळेची भांडी घेतली आणि नाव घालणाऱ्याच्या दुकानात दुपारभर बसून एकेका भांड्यावर आपलं पूर्ण नाव कोरून घेतलं. तांब्याची पाळी आली तेव्हा नाव घालणारा म्हणाला, एवढं मावत नाही, नुसतं आडनाव घालतो. आप्पांनी तो तांब्या परत केला आणि मोठा घेतला.

आप्पा गेल्याला दीड वर्ष झालं. घर रेल्वेचं होतं, ते रेल्वेनं परत घेतलं. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. त्यांचं नाव या जगात कुठं लिहिलेलं राहिलं असेल तर त्या भांड्यांवर, आणि ती तुमच्या घरात आहेत. फारकतीच्या दिवशी तुमच्या वडिलांनी पंचांपुढे शब्द दिला होता की गाडी मिळाली की भांडी शिरूरला पोचती करू. राहूत अजून गाडी मिळालेली नाही. बिचाऱ्या सगळ्या ऊस वाहण्यात गुंतल्या असतील.

मला ललिताची भांडी नकोत. मला माझी हवीत. सुट्टी लागली की मी राहूला जाऊन ती घेऊन येणार आहे. घरी तसं कळवा.

रतन


शिरूर
५ मे १९७७

साहेबराव यांस,

जयभीम. परवा राहूला जाऊन आले. तुम्ही घरी काही कळवलेलं नव्हतं. किंवा कळवलं होतं आणि म्हणूनच सगळं आधी आवरून ठेवलेलं होतं. यातलं खरं काय ते तुमचं तुम्हाला माहीत.

नियमांचा तो कागद तुम्ही तुमच्या घरीही धाडलाय आणि तिथं त्याचा फार अभ्यास झालाय. अंगणात कोऱ्याचं जुनं करायचा कारखानाच निघालाय म्हणा ना. ललिताच्या नव्या साड्या तुमची चुलती रंगुबाई नदीवर नेऊन दगडावर आपटून आणते आणि वाळल्या की पुन्हा आपटायला नेते. नव्या सोलापुरी चादरींवर मिरच्या वाळत घातल्यात. तुमचा नवा टेरिलीनचा शर्ट घालून मामा उसाला पाणी द्यायला जातात. तो त्यांना इतका घट्ट होतो की वाकता येत नाही, पण मुलाची जकात वाचली पाहिजे म्हणून तुमचे वडील ताठ उभे राहून फावडं चालवतात. ललिताची कोरी चप्पल तुमच्या आईच्या पायात होती. मला बघून तिनं ती काढली आणि पदराखाली धरली.

मी पाणीही न घेता भांडी मागितली. तुमची आई म्हणाली, "भांडी हाईत कुठं घरात? दौंडला धाडल्यात, कल्हईला आन् पालिशला."

साड्या दगडावर आपटून जुन्या करायच्या आणि जुन्या भांड्यांना पॉलिश, हे मला कळेना. मी तसं विचारलं.

"मग काय कळकटलेली भांडी परमुलखात धाडू व्हय? लोकं म्हनतील, ह्या भागुबाईला भांडी घासाया बी येत न्हाईत." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आन् तुझ्या बापाचं नाव कानशीनं घासून काढाया सांगितलंय. नवी सून तुझ्या नावाच्या परातीत पीठ मळंल व्हय? तिला कसं वाटंल, त्याचा इचार कर की जरा."

तिला कसं वाटेल याचा विचार मी करायचा. मी ओट्यावर टेकले. तेवढ्यात मामा शेतातून आले, तुमच्या शर्टात. मी त्यांना पंचांपुढच्या शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले, "पोरी, गाडीच मिळंना बघ." हे बोलताना त्यांचं त्यांनाच पटलं नसावं, कारण ते आत गेले आणि मी तिथं होते तोवर बाहेर आले नाहीत. तुमच्या घरात लाज एवढीच शिल्लक आहे आणि तीही त्यांच्याच वाट्याला आलेली दिसते.

परत येताना दौंडला उतरून पॉलिशवाल्याकडे गेले. दुकानाला कुलूप होतं, मालक लग्नाला गेला होता. फळ्यांच्या फटीतून बघितलं. आत पोती होती, भांडी दिसली नाहीत. बाजारात लोक येत-जात होते आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेची बाई, चोरासारखी फटीला डोळा लावून उभी होते. असं करायची पाळी तुम्ही माझ्यावर आणलीत.

साहेबराव, आता एक मागते. मी आजवर तुमच्याजवळ काही मागितलेलं नाही, फारकतीच्या दिवशीही नाही. घरी तार करा आणि ते नाव घासू देऊ नका. भांडी न्यायची तर खुशाल न्या, त्यांत समुद्राचे मासे शिजवा, मला काही म्हणायचं नाही. नाव तेवढं राहू द्या. ते माझ्या बापाचं आहे आणि तो आता नाही, एवढंच माझं कारण आहे. आणखी एक कारण आहे, पण ते मी सांगणार नाही.

रतन


शिरूर
३१ मे १९७७

साहेबराव यांस,

जयभीम. हे पत्र राहूच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर देते. लग्नासाठी येऊन तुम्ही दोन आठवडे राहूत आहात आणि शिरूरला यायला तुम्हाला सवड झाली नाही, हे बरंच झालं. मला उगाच चहा करावा लागला असता.

तुमचं उत्तर मिळालं. पाकिटाचे पैसे वाचवून कार्डावर लिहिलंत ते छान केलंत, आमच्या गल्लीत पोस्टमनपासून सगळ्यांना वाचता आलं. 'निघण्यापूर्वी तुझं पत्र मिळालं. भांड्यावरच्या नावाचं एवढं काय घेऊन बसलीस. ते घासून झालंय. भांडी आता सोन्यासारखी दिसतात. तुझी नवी भांडी पाठवतोय.' म्हणजे माझं पत्र तुम्हाला वेळेवर मिळालं होतं आणि तार तुम्ही केली नाहीत. ते मी वाचलं, कार्ड पालथं घालून ठेवलं, आणि पोळ्या केल्या. त्या दिवशी मी रडले. हे तुम्हाला कळलं तरी मला आता काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या टपावरून ललिताच्या भांड्यांचं पोतं आलं. स्टीलची चकचकीत भांडी, एकाही भांड्यावर अक्षर नाही. ती घरात ठेवली असती तर तुमचा व्यवहार पुरा झाला असता. मी पोतं पुन्हा टपावर चढवलं आणि दौंडला ललिताच्या माहेरी घेऊन गेले.

तुमची नवी बायको लग्नानंतर चार दिवस माहेरी आली होती. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. मी तिला नावं ठेवायची सगळी तयारी करून गेले होते. एस.टी.त बसल्या बसल्या चार-पाच वाक्यंही जुळवली होती, चांगली धारदार. तिनं मला ओळखलं, बसायला पाट दिला, आणि पोत्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. तिला या अदलाबदलीतलं काही सांगितलेलंच नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की सासरी जुनी भांडी आहेत, ती आपल्याला न्यायचीत.

पोत्याची गाठ चाचपत ती म्हणाली, "ताई, माझ्या बापानं दिलेली भांडी तुमच्याकडं धाडली, आन् तुमच्या बापानं दिलेली माझ्याकडं आली. ह्यात बापांना कुणी इचारलं का?"

माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला तिथं बोलता आलं नाही. ही मुलगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे आणि ती तुमच्या घरात फुकट जाणार, असं मला वाटलं.

निघताना तिनं आणखी एक सांगितलं. माझ्या भांड्यांवर आता तिचं नाव घातलंय. "सासूबाई म्हनल्या, आपल्या घरातनं नाव घातल्याबिगर भांडं भाईर जात न्हाई. समद्या भांड्यांवर माझं नाव आन् लग्नाचं साल घातलंय." ती हे जरा लाजून सांगत होती. मी मोठ्यानं हसले. ती बावरली. काय झालं म्हणून विचारू लागली, तेव्हा मी काही नाही म्हणाले आणि स्टँडवर आले.

ललिताची भांडी तिच्या वडिलांच्या घरी आहेत. तुमच्याशी माझा व्यवहार संपला. पुन्हा लिहू नका.

रतन


शिरूर
१७ नोव्हेंबर १९७७

साहेबराव यांस,

जयभीम. लिहू नका म्हटलं की तुम्ही रजिस्टर पत्र पाठवता. पाठवणाऱ्याचं नाव बघायच्या आधीच पोस्टमनला सही देऊन बसले, नाहीतर ते तसंच परत केलं असतं. वाचल्यावर मात्र वाटलं, नाही केलं तेच बरं झालं. किती दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

म्हणजे पेटी पोचली, उघडली आणि तिथंच अडकली. साड्यांना कस्टमवाल्यांनी हातही लावला नाही, रंगुबाईच्या आपटण्याला यश आलं. चादरींच्या विणीत मिरचीचं बी निघालं म्हणून त्या धुरी द्यायला नेल्या. बी आणायचं नाही हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं होतं. घरात कुणी मिरच्यांना बी असतं हे लक्षात घेतलं नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार.

मग भांडी निघाली. फॉर्मवर तुम्ही लिहिलं होतं, नऊ वर्षं वापरातली. आणि कस्टमच्या साहेबांनी हातात घेतली तर बाहेरून पॉलिश, आतून ताजी कल्हई, चांदीसारखी. तुम्ही म्हणालात, त्यांवर साल घातलेलं आहे, बघा. त्या गोऱ्या-काळ्या मुलखात आपली अक्षरं कुणाला वाचता येणार, अशी तुमची खात्री. तर त्या साहेबांचे आजोबा इकडून ऊस तोडायला गेलेले निघाले आणि ते स्वतः रोज सकाळी देवनागरी पोथी वाचणारे निघाले. त्यांनी चष्मा लावून वाचलं. सौ. ललिता साहेबराव शेलार, राहू, १९७७.

कोरा माल, वर खोटी माहिती. जकात आणि दंड दोन्ही. आणि ही गोष्ट तुमच्या कारखान्यात सगळ्यांना कळली, मॅनेजर हसले, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही.

पुढचं मी दोनदा वाचलं. तुम्ही सांगितलंत की भांडी जुनीच आहेत, आधीचं नाव कानशीनं काढलंय. त्यावर त्यांनी विचारलं, आपल्याच भांड्यावरचं नाव माणूस कशाला घासून काढेल? तुम्हाला उत्तर देता आलं नाही. मग ते म्हणाले, ज्याचं नाव आधी होतं त्याचा कागद आणा, नाहीतर भांडी चोरीची धरावी लागतील.

आणि आता तुम्हाला माझं प्रमाणपत्र हवंय. शाळेचा शिक्का मारून. भांडी १९६८ सालची आहेत, मी ती वापरली आहेत आणि राजीखुशीनं तुम्हाला दिली आहेत, असं लिहून. 'जुने सर्व विसरून एवढे कर.' जुनं विसरून भांडी जुनी असल्याचं लिहून द्यायचं. तुम्ही हे लिहिताना थांबलातसुद्धा नाहीत का, साहेबराव?

वर तुम्ही माझ्यावरच घसरलात. तुला सगळं माहीत होतं, तू मुद्दाम बोलली नाहीस. हो, माहीत होतं. राहूच्या ओट्यावर तुमच्या आईनं कानशीचं नाव काढलं तेव्हाच मला कळलं होतं की नावाबरोबर सालही जाणार, आणि साल गेलं की तुमची माफी गेली. मे महिन्याच्या पत्रात मी जे कारण सांगणार नाही म्हटलं ते हेच. तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तर तुम्ही धावत जाऊन तार केली असती आणि नाव वाचलं असतं. मी पेन उचललं होतं. पण माझ्या बापाचं नाव तुमची जकात वाचावी म्हणून वाचणार, हे मला सहन झालं नाही. ते त्याचं नाव आहे म्हणून वाचवा, असं मी मागितलं. तुम्हाला ते कारण पुरलं नाही.

आणि दौंडला ललितानं नव्या सालाचं सांगितलं तेव्हा मी हसले ते यालाच. तिला सांगायला हवं होतं असं नंतर वाटलं. तिला, तुम्हाला नाही.

तुमच्या आईला दोष देऊ नका. तिला भांड्यावर नाव घालणं माहीत आहे, कस्टम माहीत नाही. तुम्हाला दोन्ही माहीत होतं, आणि नाव म्हणजे काय एवढंच माहीत नव्हतं.

प्रमाणपत्र मी देणार आहे. ते तुमच्या हातात देणार नाही, त्या साहेबांना वेगळ्या पाकिटात पाठवते. शिक्का मारलाय. त्रिनिदादहून उत्तर आलं तर त्यावरचं तिकीट मिळेल या आशेवर हेडमास्तरांनी तो आनंदानं मारू दिला.

रतन


शिरूर, जिल्हा पुणे
१७ नोव्हेंबर १९७७

माननीय कस्टम अधिकारी, पोर्ट ऑफ स्पेन, यांस,

जयभीम. हा आमच्या लोकांचा नमस्कार आहे.

तुम्हाला देवनागरी वाचता येते असं कळलं, म्हणून मराठीत लिहिते. माझी मराठी आणि तुमची पोथी यांत थोडं अंतर पडेल. जिथं अडेल तिथं साहेबराव शेलार यांना समोर उभं करून वाचायला सांगा आणि अर्थ विचारा. त्यांचं इंग्रजी फार चांगलं आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि पूर्वी साहेबरावांची पत्नी होते. त्यांच्या पेटीतली तांब्यापितळेची भांडी १९६८ सालची आहेत. वापराबद्दल त्यांनी जे लिहून दिलं ते खरं आहे. त्यांत मी सहा वर्षं स्वयंपाक केला, पुढे त्यांच्या आईनं केला. पॉलिश आणि कल्हई या वर्षीची आहे. ललिताचं नाव आहे त्या जागेवरून अंगठा फिरवलात तर जरा खोलगट लागेल, तिथं कानस चालली आहे. ती कोरी समजून जकात लावू नये, अशी विनंती आहे. त्यांचं खोटं मी खूप ऐकलंय, पण हे खोटं नाही.

भांडी मी राजीखुशीनं दिली असं लिहायला मला सांगण्यात आलं आहे. ते लिहिता येत नाही. मी दिली नाहीत. मी मागायला गेले होते, मला मिळाली नाहीत. यात ललिताचा काही दोष नाही, तिला त्रास होऊ नये.

आपल्या भांड्यावरचं नाव माणूस कशाला घासून काढेल, असं तुम्ही विचारलंत. साहेबरावांना उत्तर देता आलं नाही, म्हणून मी देते. आमच्या भागात आमच्या लोकांना हॉटेलात आत बसू देत नसत. बाहेर वळचणीला आमची कपबशी वेगळी ठेवलेली असे. तीत वरून चहा ओतत. पिऊन झाला की ती आपणच धुऊन पुन्हा तिथं ठेवायची. माझ्या वडिलांनी अर्धं आयुष्य तसा चहा प्याला. रेल्वेत नोकरी लागल्यावरही प्याला. म्हणून मुलीच्या लग्नात त्यांनी जे भांडं घेतलं त्यावर आपलं पूर्ण नाव कोरून घेतलं, की हे माझं आहे, हे आत ठेवायचं आहे. साहेबरावांच्या वडिलांनीही तसल्याच कपबशीतून चहा प्यालेला आहे. त्यांच्याच घरात ते नाव घासलं गेलं, कारण नव्या सुनेपुढे ते बरं दिसलं नसतं. दुसऱ्या कुणी घासलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

ही भांडी परत मागायचा मला तुमच्या कायद्यानं हक्क आहे का, हे मला माहीत नाही. असला तर पाठवा, बोटीचं भाडं मी देईन. नसला तर ललिताच्या हातात द्या. परक्या देशात तिला स्वयंपाकाला भांडी लागतीलच, आणि तिच्या वडिलांची भांडी तिला नेता आली नाहीत.

कुणालाही दिलीत तरी आधी एक करा. साहेबराव समोर असताना पेटीतलं एकेक भांडं हातात घ्या आणि त्यावर जे लिहिलेलं होतं ते मोठ्यानं वाचा. आता ते दिसत नाही, म्हणून खाली लिहून देते. हे त्यांना वाचायला देऊ नका, तुम्हीच वाचा. भांडी बरीच आहेत, वेळ लागेल, त्याबद्दल माफी असावी.

चि. सौ. कां. रतन हिस, सावळाराम गेनू रणपिसे, सांधेवाले, दौंड, यांजकडून. १९६८.

आपली,
रतन सावळाराम रणपिसे